बैलांच्या पटाला, म्हणजे शर्यतीला, अनामत लागते, तुमच्या स्पर्धेला का नाही?

प्रति,
येत्या माघात आमच्या गावच्या मैदानावर राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धा भरवू पाहणारी आयोजन समिती,
आणि त्या स्पर्धेला परवानगी देणारे सर्व साहेब यांस,

सप्रेम नमस्कार.

परवा तुमची माणसं पांढऱ्या गाडीतून येऊन मैदान मोजून गेली. चुन्याच्या चार खुणा केल्या, ग्रामपंचायतीत चहा घेतला आणि निघून गेली. मी तेव्हा खळ्यावर होते, धानाचा चुरणा सुरू होता. संध्याकाळी डोक्यावर तणसाचा भारा घेऊन घरी येताना शेजारच्या काकूंनी वाटेतच गाठलं. "का वो, पुन्हा कबड्डी येते म्हणते आपल्या गावात?" मी म्हटलं, मले कोणी विचारलं नाही. काकू म्हणाल्या, "तुले कायले विचारतीन? मैदानाले तरी विचारलं का?"

काकू थट्टेने बोलल्या खऱ्या, पण रात्री भाकरी थापताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र.

मी कोण ते आधी सांगते. गावातल्या महिला बचत गटाची मी सचिव. घरी साडेतीन एकर धान. मुलगी बी.ए. होऊन पोलीस भरतीची तयारी करते. दोन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत खेळाडूंना आणि पंचांना तीन दिवस जेवू घातलं ते आमच्याच गटाने. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. झाडीपट्टीतलं, पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातलं, एक गाव एवढं पुरे. नाव लिहिलं की लोक पत्र बाजूला ठेवतात आणि कोण कोणत्या पार्टीचा ते शोधत बसतात.

कबड्डीवर माझा राग नाही, हेही आधीच लिहून ठेवते. शाळेत असताना मी तालुक्याला खेळून आले आहे, डाव्या गुडघ्यावर त्याची खूण अजून आहे. 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं तिकडे जाऊन आपली कबड्डी दाखवून आली, ही गोष्ट आमच्या पीटीच्या गुरुजींनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की त्या जहाजात तेही बसले होते असं आम्हाला वाटायचं. या खेळाला बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत. लागते ती फक्त जमीन. आणि माझं सगळं म्हणणं त्या जमिनीविषयीच आहे.

आमचं मैदान तुम्ही दुपारी पाहिलं. ते पहाटे साडेचारला पाहायला पाहिजे. गावातली आणि आजूबाजूच्या चार गावांतली मिळून तीस-पस्तीस पोरंपोरी तिथे धावत असतात. अंधारात मोबाइलचे दिवे हलताना दिसतात, एवढंच. भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. पोरांनी दोरी धरून मैदान मोजलं आणि फेरा असा आखून घेतला की तो बरोबर 320 मीटरचा भरावा. मुलांचे पाच फेरे, मुलींचे अडीच. फेऱ्यावरचा खडान्‌खडा त्यांनी वेचून काढला आहे. एका कोपऱ्यात गोळाफेकीसाठी वाळू टाकली आहे, ती ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडून आणलेली. सकाळी सातनंतर शाळेची मुलं. दुपारी शेळ्या. संध्याकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट. दिवाळीत गायगोधनाला सगळ्या गावाची जनावरं तिथेच सजवून आणतात. तुमच्या अर्जात मी वाचलं, "सदर जागा रिकामी आहे". रिकामी ती फक्त तुम्ही आलात त्या वेळेला होती.

उमेश यादवचं नाव तुम्ही भाषणात घेताच. मागच्या उद्घाटनातही घेतलं होतं. खाण कामगाराचा मुलगा, खापरखेड्याजवळच्या वलनीतला, विदर्भातून भारताकडून कसोटी खेळलेला पहिला खेळाडू. पण त्याने आधी सैन्यात आणि पोलिसात जायची धडपड केली होती, आणि ते जमलं नाही म्हणून तो बॉलिंगकडे वळला, हे भाषणात कोणी सांगत नाही. तोही टेनिस बॉलवरच वाढला. म्हणजे जी पोरं आमच्या मैदानावर पहाटे धावतात आणि संध्याकाळी टेनिस बॉल खेळतात, तशातलाच तो. त्यांच्या पायाखालची जागा तीन दिवसांसाठी खणून तुम्ही तिथे त्याचाच फोटो लावता.

आता मागच्या वेळी काय झालं ते. चांगलं आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती रडते.

स्टँडपासून मैदानापर्यंतचा रस्ता दहा वर्षं गिट्टी उघडी टाकून पडला होता, तो चार दिवसांत डांबरी झाला. चहाच्या दोन्ही टपऱ्यांनी तीन दिवसांत महिन्याचा धंदा केला. ऑटोवाल्यांचंही बरं झालं. गावातली लेकरं पहिल्यांदा मॅटवरची कबड्डी बघत होती, आणि रात्री साडेदहाला प्रकाशात न्हालेलं ते मैदान बघून माझी सासू म्हणाली, "जत्रेतबी एवढा उजेड नाही पाहिला मी." शेजारच्या गावच्या दोन मुली त्या स्पर्धेत कोणाच्या तरी नजरेत भरल्या आणि आता जिल्ह्याच्या संघाकडून खेळतात. हे सगळं खरं आहे. मी ते नाकारत नाही.

पण टपऱ्या सोडल्या तर मैदानातले बाकी स्टॉल नागपूरच्या एकाने ठेक्याने घेतले होते. गावातल्या बाईला आलूबोंडा विकायचा असेल तर त्याला दिवसाचे पाचशे रुपये द्यायचे. आमच्याच मैदानात आम्ही भाडेकरू. दोघींनी दिले. तिसरीने रस्त्याच्या कडेला टोपली मांडली तर तिला स्वयंसेवकाने उठवलं, आणि तो स्वयंसेवक तिचाच पुतण्या होता.

त्या स्वयंसेवकांचंही बोलते. गावातल्या बावीस पोरांनी आठ दिवस राबून गॅलरी उभी करायला हात लावला, मॅट वाहिली, रात्री राखण केली. मोबदला म्हणून समितीचं नाव छापलेला टी-शर्ट आणि दोन वेळचं जेवण. जेवण पुन्हा आमच्याच गटाचं. मुलीच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात एक जुना खटला दिला आहे. 1982 च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामं चालली होती आणि मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे बेगारच, घटनेच्या कलम 23 ने मना केलेली. मुलगी मला ते वाचून दाखवत होती, आणि तिच्या अंगात तोच टी-शर्ट होता. आता घरी फरशी पुसायला घेतो आम्ही तो.

दुसऱ्या रात्री डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. मोठे दिवे जनरेटरवर होते, पण स्टॉल, रोषणाई आणि भोंगे यांच्यासाठी शेतीच्या लाइनवर आकडा टाकला होता. कोणी टाकला ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाच माहीत नाही. माघ म्हणजे आमच्याकडे उन्हाळी धानाचा हंगाम. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं तयार, रोवणीला बाया ठरलेल्या, आणि अकरा जणांच्या मोटारी बंद. नवीन डीपी नवव्या दिवशी बसली. त्या नऊ दिवसांत एकाने डिझेलचं इंजीन भाड्याने आणून रोवणी केली, बाकीच्यांचे पऱ्हे पिवळे पडले. तुमच्या स्मरणिकेत शेवटच्या पानावर "ग्रामस्थांचे सहकार्य लाभले" असं छापलं आहे. ते सहकार्य एवढ्या रुपयांचं होतं हे कोणी मोजलं नाही.

खेळाडूंना राहायला शाळेच्या खोल्या दिल्या. तीन दिवस सुट्टी, मग दोन दिवस साफसफाई. संडास तुंबले, ते उपसायला माणूस मिळेना. शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत असते, दहावी-बारावीची पोरं त्याच वेळी घरोघर पुस्तकात डोकं घालून बसलेली असतात, आणि भोंगा रात्री साडेअकरापर्यंत. मैदान झाडलं तेव्हा खर्र्याच्या, तंबाखू-सुपारीच्या, पन्न्यांची नऊ पोती निघाली. ती कोणी उचलली विचारू नका. गटाच्या बायांनीच. (खर्रा खाणारे सगळे बाहेरगावचे होते असं मात्र मी म्हणणार नाही.)

आणि आमचं बिल. माणसं 220, दोन वेळा जेवण, तीन दिवस. 1320 ताटं, ताटाला 70 रुपये. एकूण 92,400. आगाऊ मिळाले 30,000. उरलेल्या 62,400 साठी आम्ही तुमच्या माणसाला फोन करत राहिलो. आधी तो उचलायचा, मग उचलेनासा झाला. गटाने किराणा उधारीवर आणला होता आणि आतल्या आत दोन टक्क्यांनी कर्ज काढलं होतं. पोळ्याच्या आठवड्यात 40,000 आले. 22,400 अजून यायचे आहेत. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही, असं खोटं बोलणार नाही. तक्रार म्हणूनच लिहिते.

आता ते खड्डे. गॅलरी आणि मंडपाच्या खांबांसाठी बिछायतवाल्याने दीड-दीड फुटाचे खड्डे केले होते. पोरांनी मोजले, 143. खांब काढून तो गाडी भरून गेला, खड्डे राहिले. पोरांनी घमेल्याने माती टाकली, पण धुमस नाही, मुरूम नाही. पहिल्या पावसात सगळी माती बसली. वरून गवत उगवलं, त्यामुळे दिसायचंही बंद झालं. जूनच्या एका पहाटे माझ्या मुलीचा पाय त्यातल्या एकात गेला. घोटा सुजून भोपळ्यासारखा. मैदानी चाचणीला अठरा दिवस उरले होते. ती गेलीच नाही. आता पुन्हा भरती निघाली की पुन्हा. वय वाढतं ना हो, भरतीला वयाची अट असते.

हे फक्त आमच्या गावात झालं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, सरपंचाच्या दारात जाऊन बसले असते. पण मोठी स्पर्धा म्हटली की हे असंच होतं, लहान ठिकाणी लहान आणि मोठ्या ठिकाणी मोठं. 2010 च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांचं लोकांना आयोजन समितीच्या अध्यक्षांचं, कलमाडी साहेबांचं, नाव आठवतं. मला दुसरंच आठवतं. अनुसूचित जातींसाठी असलेल्या विशेष घटक योजनेचे सातशे कोटींहून अधिक रुपये त्या स्पर्धेच्या कामांकडे वळवले गेले होते. माहितीच्या अधिकारातून ते बाहेर आलं आणि संसदेत गाजलं. आमच्या ग्रामसभेत मी हिशेबाचं रजिस्टर मागितलं तेव्हा मैदानावर टाकलेला मुरूम ग्रामपंचायतीच्या खर्चात दिसला, नाली दुरुस्तीच्या खाली. आमच्या वस्तीतली नाली अजून तशीच वाहते. रक्कम लहान आहे, पण वाट तीच.

जामठ्याचं बघा. नागपूरच्या वर्धा रोडवर 2008 साली विदर्भ क्रिकेटचं 45,000 माणसांचं स्टेडियम उभं राहिलं. आम्हालाही अभिमान आहे, विदर्भाने रणजी तीनदा जिंकली तेव्हा आमच्याकडेही फटाके फुटले. पण माझी बहीण बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि नागपुरात राहते. सामना असला की तिची पाळी सुटल्यावर घरी पोचायला किती वाजतील याचा नेम नसतो. तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही, पण भारताचा सामना कधी आहे हे तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. आणि 2016 चा उन्हाळा आठवा. महाराष्ट्रात दुष्काळ, लातूरला रेल्वेने पाणी, आणि इकडे आयपीएलसाठी खेळपट्ट्यांना पाणी. याचिकेत 60 लाख लिटरचा हिशेब मांडला होता. उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, आणि नागपूरला ठरलेले पंजाबच्या संघाचे सामनेही गेले. तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, सामने नेल्याने काय पाऊस पडणार आहे का? पाऊस पडणार नव्हताच. पण एवढ्या मोठ्या खेळाला त्या वर्षी कोणीतरी विचारलं की बाबा, पाणी कुठून आणणार? आम्हाला तेवढंच पाहिजे. खेळाच्या आधी विचारणारं कोणीतरी.

आणि ते विचारणं आमच्या गावाला नवीन नाही. इथे पटाची गोष्ट सांगायला पाहिजे.

तुम्ही शहरातले असाल तर शंकरपट तुम्ही मोबाइलवर पाहिला असेल, दोन बैल सुसाट आणि मागे धुरकरी. आम्हाला पट म्हणजे ते काही सेकंद नसतात. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की पौष-माघात गावोगाव पट भरतात. पटाच्या आदल्या दिवशी लेकी माहेरी येतात. जावई येतात, त्यांचे भाऊ येतात, त्या भावांचे मित्रही येतात आणि कोणी कोणाला का आलास असं विचारत नाही. प्रत्येक घरी दहा-पंधरा पाहुणे. कोणाच्या घरी लग्नाची पोरगी आहे, कोणाचा पोरगा नोकरीला लागला, हे सगळं त्या दोन दिवसांत कळतं. माझी सोयरीक पटातच जुळली. नवरा बैल बघायला आला होता असं सासरे शेवटपर्यंत सांगत. रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक. रात्रभर चालतं, पहाटे शेवटचा प्रवेश सुरू असताना पुढच्या रांगेतली लेकरं आईच्या मांडीवर झोपलेली असतात. दुकानं मांडतात ती गावाची आणि पंचक्रोशीची. मांडव कोणाचा, बैल कोणाचे, वर्गणी कोणाची, सगळं माहीत असतं, आणि काही चुकलं तर कोणाच्या दारात जायचं तेही.

पटाचं सगळं सोनं होतं असंही नाही. पाहुणचारापायी घरं कर्जात जातात. मागच्या बाजूला चोरून कोंबडबाजार, कोंबड्यांच्या झुंजी, भरतो. आणि बैलांचे हाल व्हायचे, ते मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तुतारीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, आर लागून पुठ्ठ्यावर रक्त आलेला आमच्याच घरचा बैल होता. म्हणून 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली तेव्हा गाव रडलं, पण मी तेवढी रडले नाही. पुढची सात वर्षं गाव माघात मुकं होतं. लेकी यायच्या, पण आज आल्या आणि उद्या गेल्या. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला.

आता त्या अटी बघा, कारण या पत्राचं मूळ तिथे आहे. पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी अर्ज. धावण्याची पट्टी 1000 मीटरच्या आत. पशुवैद्यकाची तपासणी. काठी, चाबूक, आर काही चालणार नाही. पटाचं चित्रीकरण. आणि 50,000 रुपये अनामत. अट मोडली तर अनामत जप्त. पहिल्या वर्षी आमच्या पट समितीतले म्हातारे हे वाचून चिडले होते. "आमी का चोर हावो का?" मग वर्गणी काढून अनामत भरली. त्या वर्षी पहिल्यांदा मी एकाही बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्त पाहिलं नाही. माणसं एकाएकी दयाळू झाली असं नाही. पन्नास हजार अडकले होते, आणि ते ज्यांनी दिले होते ते शेजारीच उभे होते. ज्याच्या हातात आर दिसली त्याला न्यायालयाने नाही, आमच्याच सखारामबुवांनी पट्टीवरून खाली उतरवलं. (हे त्यांचं खरं नाव नाही. त्यांना पेपरात यायला आवडत नाही.)

तर साहेब, बैलांनी धावायचं असेल तर सरकारला अर्ज पाहिजे, डॉक्टर पाहिजे, अनामत पाहिजे. तुम्ही पाच हजार माणसं आमच्या मैदानावर आणता, शाळा घेता, लाइन घेता, पाणी घेता, 143 खड्डे करता, तेव्हा काय लागलं? मागच्या वेळी एक फोन लागला. बैलांना मिळालं ते आम्हाला द्या, एवढीच मागणी आहे. फार मोठी नाही.

अर्ज ग्रामसभेसमोर ठेवा, ग्रामपंचायतीच्या कपाटात नको. 26 जानेवारीला ग्रामसभा आहेच. त्या दिवशी कोरम भरावा म्हणून मी स्वतः बाया घेऊन येते. दोन लाख रुपये अनामत ग्रामपंचायतीकडे ठेवा. दोन लाख का, तर मी हिशेब केला आहे. खड्ड्यांना मुरूम, रोलर आणि मजुरी, शाळेचे संडास, एका डीपीचा धोका, आणि जेवणाच्या बिलातली तुमची नेहमीची टाळाटाळ. स्पर्धा संपल्यावर पंधरा दिवसांनी मैदान बघायला तुम्ही, सरपंच आणि पहाटे धावणाऱ्या पोरांपैकी दोघं असे चौघं जा. एक मुलगा, एक मुलगी. त्यांनी फेरा मारून बघितला आणि ठीक म्हटलं की अनामत परत. त्यांच्यापेक्षा ती जमीन कोणाला जास्त कळत नाही. उद्घाटनाला मंत्री येणार असतील तर त्यांनाही एक फेरा मारायला हरकत नाही, पण तो आग्रह मी धरत नाही.

वीज तुमची तुम्ही आणा, शेतीच्या लाइनला हात लावू नका. स्टॉल अर्धे गावाला, भाडं न घेता. राबणाऱ्या पोरांना टी-शर्ट जरूर द्या, पण रोजीही द्या. आणि शाळा नको. परीक्षेच्या दिवसांत तर अजिबात नको. खेळाडूंना घराघरांत ठेवू, पटाला ठेवतो तसं. दोन-दोन जण वाटून घेतले तर 220 माणसं म्हणजे 110 घरं, आणि आमच्याकडे त्याहून जास्त घरं आहेत. मी गावात विचारून बघितलं, तेवीस घरं आत्ताच तयार आहेत. काकू म्हणाल्या, "मुली असन तं माह्याकडे पाठव, पोट्टे रातभर मोबाइल पायतात."

तुम्ही म्हणाल, एवढ्या अटी घातल्या तर आम्ही दुसऱ्या गावाला जाऊ. जा. पण तिथेही पहाटे कोणीतरी धावत असेल. हे पत्र मी आजूबाजूच्या सात गावांच्या बचत गटांना पाठवलं आहे, तीन ठिकाणी ते बैठकीत वाचून झालं. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ठरल्या आहेत, पुढे 2036 च्या ऑलिम्पिकसाठी देशाची धडपड चालली आहे असं पेपरात वाचते. तिथे अनामत कोणी मागेल का, कोणाकडे मागेल, ते मोठ्या लोकांनी बघावं. आम्ही आमच्या तीनशे वीस मीटरचं बघतो.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या माणसांनी परवा चुन्याच्या ज्या चार खुणा केल्या, त्यातली एक बरोबर फेऱ्यावर आली आहे. पोरं तिच्यावरून उडी मारून जातात. ती पुसायला मी त्यांना सांगितलेलं नाही. 26 तारखेला येताना बिलाची फाइल सोबत आणा. तुमच्याकडे सापडत नसेल तर काळजी करू नका, आमच्याकडे तिच्या तीन झेरॉक्स आहेत.

आपली,
महिला बचत गटाची सचिव
(आणि 22,400 रुपयांची येणेकरी)